वितळलेले रुपये आणि वाढविलेलीं मुलें : कलकत्त्याच्या दोन रग्बी क्लबांची हकीकत

जुबिलीच्या अंकांत देवळाचा, शाळेचा व धर्मगुरूंच्या परिश्रमांचा इतिहास यावा, हें रीतीस धरूनच आहे. प्रस्तुत लेखांत मात्र एका खेळाची हकीकत सांगावयाची योजिली आहे. खेळ परक्या देशांतून आलेला. आणि ज्या ठिकाणीं ही हकीकत घडली तें ठिकाण मुंबईपासून हजार मैलांहून अधिक दूर, कलकत्ता शहर. (त्या शहराचें नांव २००१ पासून कोलकाता असें झालें आहे, परंतु ज्या काळाची गोष्ट सांगावयाची त्या काळीं सर्वांच्या तोंडीं कलकत्ता हेंच नांव होतें, म्हणून येथें तेंच ठेविलें आहे.) तरीहि जुबिली साजरी करणाऱ्या कोणत्याहि मंडळीनें ही हकीकत वाचण्यासारखी आहे, कारण तींत एकच प्रश्न दोन वेळां उभा राहिला : आज जे आहेत ते निघून गेल्यावर पुढें कोण? एका क्लबास ह्या प्रश्नाचें उत्तर देतां आलें नाहीं, व पांच वर्षांच्या आंतबाहेर तो नाहींसा झाला. दुसऱ्या क्लबाचा आरंभच त्या उत्तरापासून झाला.

ज्या वाचकांनीं रग्बीचा खेळ पाहिलेला नाहीं, त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. इंग्लंडांतील रग्बी नांवाच्या गांवच्या शाळेवरून ह्या खेळास हें नांव पडलें. १८२३ साली त्या शाळेंतील विल्यम वेब एलिस नांवाच्या विद्यार्थ्यानें नियम मोडून चेंडू हातांत घेतला व तो धांवत सुटला, अशी गोष्ट सर्वत्र सांगतात. परंतु ती एलिसच्या मृत्यूनंतर प्रथम पुढें आली, व इतिहासकार तिला फारसें प्रमाण मानीत नाहींत. चेंडू गोल नसून अंड्यासारखा लांबट असतो. प्रत्येक बाजूस पंधरा गडी. चेंडू हातांत घेऊन पळतां येतें, लाथाडतां येतो. पण हातानें तो सोबत्याकडे टाकावयाचा झाल्यास बाजूस किंवा मागेंच टाकावा लागतो, पुढें टाकतां येत नाहीं. ज्याच्या हातीं चेंडू असेल त्यास कवळ घालून खालीं पाडण्याची मुभा असते. प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीस टेकविला म्हणजे ‘ट्राय’ झाला. ह्या शब्दाचा अर्थ ‘प्रयत्न’. कारण आरंभीं ट्रायला एकहि गुण मिळत नसे, फक्त गोलावर लाथ मारून पाहण्याचा हक्क मिळे. आज त्याच प्रयत्नाला पांच गुण मिळतात.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ह्या खेळांत सर्व तऱ्हेच्या शरीराला जागा असते. जाडजूड मुलगा स्क्रमच्या पहिल्या रांगेंत लागतो, उंच मुलगा चेंडू झेलावयास लागतो, आणि काटकुळा पण चपळ मुलगा कडेला धांवावयास लागतो. गल्लींतल्या मुलांना जमवून संघ उभारणाऱ्याला हा गुण किती उपयोगी पडतो, तें पुढें दिसेल.

आतां मूळ हकीकतीकडे वळूं.

इ. स. १८७२ च्या नाताळच्या दिवशीं कलकत्त्यांतील गोऱ्या रहिवाश्यांनीं रग्बीचा एक सामना केला. एका बाजूस इंग्लंडचे वीस गडी, व दुसऱ्या बाजूस स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स यांचे मिळून वीस. त्या काळीं बाजूस वीसच गडी असत. पंधरांचा नियम पुढें १८७७ साली रूढ झाला. हा सामना लोकांस इतका आवडला कीं आठवड्याच्या आंत तो पुन्हां खेळविण्यांत आला, आणि जानेवारी १८७३ मध्यें कलकत्ता फुटबॉल क्लब स्थापन झाला. नांवांत फुटबॉल असलें तरी हा क्लब रग्बीचा होता. त्या वेळीं दोन्ही खेळांस फुटबॉल हेंच नांव चाले. १८७४ साली हा क्लब विलायतेंतील रग्बी फुटबॉल युनियनचा सभासद झाला. युनियनची स्थापना होऊन तेव्हां अवघीं तीन वर्षें झालीं होतीं. एवढ्या दूरच्या शहरांतील क्लबानें इतक्या लवकर तेथें नांव नोंदवावें, यावरून चालकांचा उत्साह किती होता तें दिसतें.

परंतु उत्साह निराळा आणि पुढील पिढीची तजवीज निराळी. क्लबाचे सर्व गडी तयार होऊन आलेले होते. कोणी विलायतेच्या शाळेंत खेळ शिकून व्यापारासाठीं आलेला, कोणी पलटणीबरोबर आलेला. ते बदलीचा हुकूम आला म्हणजे जात, रजा मिळाली म्हणजे जात, आणि त्यांच्या जागीं नवा गडी यावयाचा तो आगबोटीनेंच यावयाचा. जी पलटण ह्या खेळाची विशेष शौकीन होती ती कलकत्त्याहून हलली, तेव्हां गडी कमी पडूं लागले. बंगालची हवा ह्या धसमुसळ्या खेळाला मानवणारी नाहीं असें लोक म्हणूं लागले. टेनिस व पोलो हे खेळ अधिक सोयीचे वाटूं लागले. क्लबांत सभासदांस दारू फुकट मिळत असे, ती सवलत बंद झाल्यावर सभासदांची संख्या झपाट्यानें घटली, असेंहि सांगतात. ही शेवटची गोष्ट विलायतेंत आजहि हंसत हंसत सांगितली जाते. पण ज्या संस्थेचा आधार फुकटच्या पेल्यावर असतो तिचें काय व्हावयाचें, हें हंसण्यावारी नेण्यासारखें नाहीं.

क्लबाचे कप्तान, चिटणीस व खजिनदार हीं तीनहि कामें त्या वेळीं जेम्स रॉथ्नी नांवाचे एकच गृहस्थ पाहत होते. एका माणसाकडे तीन कामें यावींत, हेंच क्लबाच्या प्रकृतीचें लक्षण समजावें. २० डिसेंबर १८७७ रोजीं त्यांनीं युनियनला पत्र लिहून कळविलें कीं क्लबाच्या शिल्लक रकमेंतून एक चषक करवून तो युनियनला अर्पण करण्याची सभासदांची इच्छा आहे. क्लब मोडावयाचा, पण त्याचें नांव राहावें, असा हेतु होता. त्याप्रमाणें पेढींतील शिल्लक चांदीच्या रुपयांच्या रूपानें काढून घेण्यांत आली. रुपये २७० होते असें सांगतात. त्या काळचा रुपया एक तोळा वजनाचा असे; म्हणजे हा ऐवज सव्वातीन शेरांहून कांहीं अधिक भरला असावा. तो वितळवून कलकत्त्याच्या कारागिरांकडून चषक करविला. उंची सुमारें अठरा इंच. तीन बाजूंस तीन मुठी, आणि प्रत्येक मूठ म्हणजे फणा काढलेला नाग, झांकणावर हत्ती. १८७८ साली हा चषक युनियनला मिळाला, आणि १० मार्च १८७९ रोजीं एडिंबरो येथील रेबर्न प्लेस मैदानावर इंग्लंड व स्कॉटलंड यांच्यांत त्यासाठीं पहिला सामना झाला. तो बरोबरींत सुटला.

‘कलकत्ता कप’ हें नांव आज जगभर प्रसिद्ध आहे. दर वर्षीं इंग्लंड व स्कॉटलंड त्यासाठीं झुंजतात. १८७३ चा क्लब मेला, पण त्याच्या रुपयांना एक प्रकारचें अमरत्व आलें, हें नाकबूल करतां यावयाचें नाहीं. हिंदी चांदी, हिंदी कारागिरी, हिंदी नाग व हत्ती. आणि त्यासाठीं धांवणारा एकहि गडी हिंदी नाहीं, असा हा योग आहे. १८८८ नव्हे, तर अगदीं अलीकडे १९८८ साली, सामन्यानंतरच्या रात्रीं एडिंबरोच्या रस्त्यांत कांहीं खेळाडूंनीं ह्याच चषकाला चेंडू करून लाथाडला व त्याला चांगलेच पोचे पाडले. मूळ चषक त्यामुळें अधिकच नाजूक झाला आहे, व आतां त्याला फार जपून ठेवतात.

त्या पहिल्या क्लबास स्थानिक मुलांचा उपयोग करून घेतां आला नसता काय? ह्याचें उत्तर तर्कानें देण्याची गरज नाहीं; त्याच मैदानाचा इतिहास तें देतो. रॉथ्नीसाहेबांनीं पत्र लिहिलें त्याच १८७७ साली, नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी नांवाचा एक लहान बंगाली विद्यार्थी मैदानाजवळून जात असतां गोऱ्या शिपायांचा खेळ पाहण्यास थांबला, व बाजूस आलेला चेंडू त्यानें लाथेनें परत धाडला, अशी कथा बंगालमध्यें प्रसिद्ध आहे. मग त्यानें आपल्या शाळासोबत्यांकडून वर्गणी गोळा करून चेंडू विकत आणला. गंमत अशी सांगतात कीं त्या मुलांनीं अजाणपणें जो चेंडू आणला तो रग्बीचाच होता! त्यांना गोल चेंडूचा खेळ शिकविणारा एक प्राध्यापक पुढें भेटला, आणि बंगालची मुलें फुटबॉलकडे वळलीं. पुढें २९ जुलै १९११ रोजीं मोहन बागान क्लबाच्या बहुतेक अनवाणी गड्यांनीं ईस्ट यॉर्कशायर पलटणीच्या संघास २ विरुद्ध १ गोलांनीं हरवून ढाल जिंकली, हा इतिहास पुष्कळांस ठाऊक आहे. म्हणजे एक क्लब गडी नाहींत म्हणून रुपये वितळवीत होता, आणि त्याच वर्षीं, त्याच शहरांत, लांबट चेंडू हातीं धरलेलीं मुलें शिक्षक शोधीत होतीं. दोघांची गांठ पडली नाहीं. गोऱ्यांच्या क्लबाच्या दारांतून त्या काळीं ती पडणारहि नव्हती.

ज्या देशांत हा खेळ मुळें धरून राहिला तेथें काय झालें, हें आयर्लंडकडे पाहिलें म्हणजे कळतें. डब्लिनजवळ ब्लॅकरॉक येथें होली घोस्ट संघाच्या फ्रेंच धर्मगुरूंनीं १८६० साली कॉलेज काढलें. १८८७ साली लीन्स्टर प्रांतांतील शाळांसाठीं रग्बीचा चषक सुरू झाला, तेव्हां पहिल्याच वर्षीं तो ह्या कॉलेजानें जिंकला, व त्यानंतर इतक्या वेळां जिंकला कीं दुसरी कोणतीहि शाळा त्याच्या जवळपास नाहीं. अशा शाळांतून निघालेला होतकरू मुलगा आधीं प्रांताच्या अकादमींत म्हणजे उमेदवारांच्या पथकांत जातो, तेथून दुय्यम संघांत, आणि तेथें कसोटीस उतरला तर मुख्य संघांत. ब्लॅकरॉकचाच विद्यार्थी ब्रायन ओड्रिस्कॉल २००३ पासून कित्येक वर्षें आयर्लंडचा कप्तान होता. उमेदवारांचा संघ पाहावयास गर्दी होत नाहीं. वर्तमानपत्रांत त्याला दोन ओळी मिळतात. परंतु क्लबाचें आयुष्य किती हें त्या संघावरून ओळखावें, मुख्य संघावरून नव्हे. कलकत्त्याच्या पहिल्या क्लबाला मुख्य संघ होता. खालचा मजला नव्हताच.

१८८४ साली कलकत्त्यांत रग्बी पुन्हां सुरू झाली व ती कशीबशी चालत राहिली. गोऱ्यांच्या क्लबांखेरीज कलकत्त्याच्या अर्मेनियन शाळेच्या मुलांनीं तींत नांव मिळविलें. ही शाळा १८२१ सालची. दूरदेशच्या अर्मेनियन मुलांस येथें ठेवून शिकविण्याची तिची परंपरा आहे. मुंबईंतहि बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर पावसाळ्याच्या चिखलांत हा खेळ टिकून राहिला, व आझाद मैदानाकडून जाणाऱ्या वाचकांनीं तो कधींमधीं पाहिलाहि असेल. पण एकंदरीनें स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षें हा थोड्या क्लबांचा, लष्कराचा व कांहीं शाळांचा खेळ राहिला. भारताचा राष्ट्रीय संघ पहिल्यानें परदेशीं राष्ट्राशीं खेळला तो १९९८ साली.

मधल्या काळांत कलकत्त्यांत एक निराळेंच बीज पडलें होतें. टिम ग्रँडेज नांवाच्या एका इंग्रज बँक-अधिकाऱ्यानें १९८७ च्या सुमारास, रस्त्यांवर व रेल्वे स्टेशनांत राहणाऱ्या निराधार मुलांसाठीं ‘फ्यूचर होप’ नांवाची संस्था सुरू केली, व त्या मुलांना घर आणि शाळा यांबरोबर रग्बीहि दिली. ज्या मुलांना कोणी कधीं संघांत घेतलें नव्हतें त्यांचा संघ झाला, आणि हा खेळ साहेबांच्याच मुलांचा आहे ही समजूत कलकत्त्यांत तरी मोडली.

नंतर पॉल वॉल्श आले. हे ब्रिटिश वकिलातीच्या कलकत्त्यांतील कचेरींत अधिकारी होते. मैदानावर जमणाऱ्या गरीब वस्त्यांतील मुलांना त्यांनीं रग्बी शिकविण्यास आरंभ केला, व २००४ साली त्यांतून ‘जंगल क्रोज’ हा क्लब निघाला. जंगल क्रो म्हणजे आपला डोमकावळा, मोठ्या चोचीचा. गरुड, सिंह, वाघ हीं नांवें घेणारे क्लब पुष्कळ आहेत. डोमकावळ्याचें नांव अभिमानानें घेणारा हाच. कलकत्त्याचें मैदान ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस तें नांव चुकीचें वाटणार नाहीं. पुढें वॉल्श यांनीं सरकारी नोकरी सोडली व ते ह्याच कामासाठीं कलकत्त्यांत राहिले.

ह्या क्लबाची रीत पहिल्या क्लबाच्या अगदीं उलट. तेथें तयार गडी आले व क्लब झाला. येथें लहान मुलें आलीं, त्यांना वाढवितां वाढवितां क्लब झाला. वस्तीवस्तींतून आठवड्याच्या ठराविक दिवशीं खेळ घ्यावयाचा. मुलें व मुली दोघांनाहि घ्यावयाचें. बूट नसले तरी चालतील, गणवेश नसला तरी चालेल. जो नियमानें येतो त्याला थोड्या वर्षांनीं त्याहून लहान मुलांवर लक्ष ठेवावयास सांगावयाचें. मग त्याच्या हातीं शिट्टी द्यावयाची. तो मोठा होऊन क्लबाच्या मुख्य संघांतून खेळूं लागला म्हणजे सकाळीं स्वतःचा सराव व संध्याकाळीं दुसऱ्या वस्तींतील मुलांचें शिक्षण, असा त्याचा दिवस जातो. ‘खेलो रग्बी’ ह्या नांवानें हें काम कलकत्त्याबाहेरहि पसरलें आहे. शिक्षक बाहेरून पगारावर आणण्यापेक्षां आपल्याच मुलांतून करावयाचे, हें ह्या योजनेचें मर्म होय. जो मुलगा स्वतः झोपडपट्टींतून आला त्याला गैरहजर मुलाचें घर शोधावयास पत्ता लागत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, ह्यांतून मोठे खेळाडू किती निघाले? प्रश्न रास्त आहे, परंतु अपुरा आहे. दहा मुलें येतात त्यांतील बरींचशीं सोळा-सतराव्या वर्षीं कामाधंद्याला लागतात, आणि रग्बीनें अद्यापि आपल्या देशांत सहसा कोणाचें पोट भरत नाहीं. तेव्हां शेवटीं देशाच्या संघापर्यंत पोहोचणारे थोडेच असावयाचे. तरीहि ह्या थोड्यांची हकीकत लहान नाहीं.

भुवनेश्वर येथें आदिवासी मुलांसाठीं अच्युत सामंत यांनीं चालविलेली कलिंग इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस ही मोठी निवासी शाळा आहे. वॉल्श यांनीं तेथील मुलांना रग्बी शिकविली. २००७ साली ह्या शाळेचा चौदा वर्षांखालील मुलांचा संघ लंडनला एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेस गेला. चेंडूशीं ओळख होऊन मुलांना कांहीं महिनेच झाले होते. थंडीची, परक्या अन्नाची व बुटांची संवय नव्हती. त्या मुलांनीं अंतिम सामन्यांत दक्षिण आफ्रिकेच्या संघास १९ विरुद्ध ५ असें हरविलें. त्यावर पुढें ‘जंगल क्राय’ नांवाचा चित्रपट निघाला, तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. चित्रपटानें विजयाची गोष्ट लोकांपर्यंत नेली, तें बरेंच झालें. परंतु त्याहून मोठें काम त्यानंतर झालें. त्या शाळेंत मुलांमागोमाग मुलीहि खेळूं लागल्या.

आतां जी गोष्ट सांगावयाची ती आपल्या वाचकांस विशेष जवळची वाटेल. उत्तर बंगालांत सिलिगुडीच्या पुढें, तिस्ता नदी व वैकुंठपूरचें जंगल यांच्या आसपास, जलपाईगुडी जिल्ह्यांत सरस्वतीपूर नांवाचा चहाचा मळा आहे. त्या भागांतील मळ्यांचे मजूर बहुतेक उरांव, मुंडा इत्यादि आदिवासी जमातींचे. त्यांचे पूर्वज इंग्रजी अमलांत छोटानागपूरच्या डोंगरांतून चहाच्या कामासाठीं तेथें नेले गेले. ज्या छोटानागपुरांत बेल्जियन जेसुइट फादर कॉन्स्टंट लीव्हन्स यांनीं १८८५ पासून आदिवासींच्या जमिनींसाठीं कोर्टकचेऱ्या केल्या व हजारों कुटुंबांस ख्रिस्तसभेंत आणिलें, तेंच हें छोटानागपूर. मळ्यांवर गेलेल्यांपैकीं पुष्कळांनीं आपली श्रद्धा बरोबर नेली, व त्यांच्यामागें धर्मगुरूहि गेले.

अशाच एका कॅथॉलिक धर्मगुरूंनीं २०१३ साली जंगल क्रोजला सरस्वतीपुरास बोलाविलें. क्लबानें आपल्यांतीलच तरुण खेळाडू शिक्षक म्हणून पाठविले. मळ्याजवळच्या मोकळ्या जागेंत खेळ सुरू झाला. ज्या मुलांनीं रग्बी हा शब्दहि ऐकला नव्हता तीं लांबट चेंडूच्या वेड्यावांकड्या उड्या पाहून हंसूं लागलीं, व हंसतां हंसतां खेळूं लागलीं. पुढें सर्वांच्या नजरेंत भरल्या त्या मुली.

मळ्यांतील मुलीचें आयुष्य काय असतें, हें सांगितल्यावांचून ह्या खेळाची किंमत कळावयाची नाहीं. आई पहांटे उठून पानें खुडावयास जाते. मुलगी धाकट्या भावंडांस सांभाळते, पाणी भरते, व हातांत बळ आलें म्हणजे तिच्याहि पाठीवर टोपली येते. २०२३ साली बंगालच्या मळ्यांवरील रोजची मजुरी वाढून २५० रुपये झाली. खेळाच्या बुटांच्या एका जोडासाठीं किती दिवस राबावें लागेल, याचा हिशेब ज्याचा त्यानें करावा. कित्येक मळे बंद पडतात, तेव्हां तेवढीहि मजुरी नसते. अशा वेळीं दिल्लीसारख्या शहरांत घरकाम मिळवून देतों असें सांगणारे दलाल वस्तींत फिरतात, आणि त्यांच्याबरोबर गेलेल्या मुलींपैकीं कित्येकींचा पुढें पत्ता लागत नाहीं. उत्तर बंगालच्या मळ्यांवरील हें दुःख जुनें आहे. त्याखेरीज जंगलांतून हत्ती येतात, बिबटे येतात. संध्याकाळीं सरावाहून परततांना त्यांचेंहि भान ठेवावें लागतें.

अशा ठिकाणीं मुलीनें आंखूड चड्डी घालून उघड्या मैदानावर मुलांबरोबर झोंबाझोंबीचा खेळ खेळावा, हें घरच्यांस सहजासहजीं पटलें नाहीं, यांत नवल नाहीं. हातपाय मोडला तर लग्न कोण करील, ही आईची भीति कांहीं खोटी म्हणतां येत नाहीं. शिक्षकांना घरोघर जाऊन बोलावें लागलें. पण मुली येत राहिल्या. सामन्यांसाठीं कलकत्त्यास जाऊं लागल्या. कांहींनीं आगगाडींतून एवढा लांबचा प्रवास त्यापूर्वीं केलाच नव्हता. खेळाच्या निमित्तानें शाळा सुटेनाशी झाली, लग्नाची घाई थांबली, आणि कांहीं मुलींना पुढील शिक्षणासाठीं कलकत्त्यांत राहण्याची सोय झाली. संध्या राय ही ह्याच मळ्याची मुलगी भारताच्या संघांतून खेळली. तिच्या पाठोपाठ उरांव घराण्यांतील अनेक मुलींनीं राज्याच्या व देशाच्या संघांत जागा मिळविली. ज्या मळ्याचें नांव चहाच्या व्यापाऱ्यांपलीकडे कोणास ठाऊक नव्हतें, तें खेळाच्या वृत्तांतांत येऊं लागलें.

भारताच्या स्त्रियांचा पंधरा जणींचा संघ पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला तो जून २०१८ मध्यें, सिंगापूरविरुद्ध. व त्यांत हरला. पुढील वर्षीं, जून २०१९ मध्यें, फिलिपाइन्स देशांत त्याच सिंगापूरशीं पुन्हां गांठ पडली. सामना संपत आला तेव्हां भारताचे १८ गुण व सिंगापूरचे १९. अशा वेळीं भारताला दंडाची एक लाथ मिळाली. ती मारण्यास सुमित्रा नायक पुढें झाली. ही ओडिशाची, ज्या भुवनेश्वरच्या शाळेंतून २००७ साली मुलगे लंडनला गेले होते त्याच शाळेची विद्यार्थिनी. तिनें चेंडू दोन खांबांमधून बरोबर पाठविला. भारत २१, सिंगापूर १९. भारतीय स्त्रियांच्या पंधराच्या रग्बींतील हा पहिला विजय. विजयानंतर त्या मुलींना रडूं आवरेना, व तें दृश्य देशभर लोकांनीं पाहिलें.

ह्या यशानें पैशाचा प्रश्न मात्र सुटलेला नाहीं. जून २०२५ मध्यें मुंबईस अंधेरी येथें सहा संघांची व्यावसायिक रग्बी लीग प्रथमच भरली, व भारतीय खेळाडूंस परदेशच्या नामांकित गड्यांबरोबर पैसे घेऊन खेळावयास मिळालें. ती पुरुषांची, बाजूस सात गड्यांच्या खेळाची होती. मळ्यावरच्या मुलींसाठीं तसली लीग त्या वर्षीं नव्हती. त्यांचा खर्च देणगीदारांच्या मदतीवर चालतो, आणि देणगीदार हे पलटणीसारखेच. आज येथें, उद्यां दुसरीकडे. जंगल क्रोजपुढेंहि हा धोका आहे, व तो नाहीं असें समजणें भोळेपणाचें होईल. फरक एवढाच कीं १८७७ साली पैसे शिल्लक होते, गडी नव्हते. येथें गडी आहेत, पैशाची विवंचना आहे.

सरस्वतीपुरास २०१३ नंतर ज्या मुली प्रथम खेळूं लागल्या त्या आतां मोठ्या झाल्या आहेत. कांहींचीं लग्नें झालीं, कांहीं शिकत आहेत किंवा नोकरीस लागल्या आहेत. आणि त्यांतील कांहीं जणी स्वतः शिट्टी गळ्यांत घालून, चहाच्या झुडपांच्या कडेला, आपल्याहून धाकट्या मुलींना चेंडू मागें कसा टाकावयाचा तें शिकवीत आहेत.